दाताची चिठ्ठी



आपल्या अंकात कोकणातल्या आठवणी येतात, मलिद्याच्या कार्यक्रमाचे फोटो येतात, कोणाच्या नातवाची बार मित्झ्वा झाली ते येतं. या वेळी मी दातांविषयी लिहिणार आहे. तुमच्या-माझ्या दातांविषयी नव्हे (ते आता उरलेत किती!), तर साडेनऊ-दहा कोटी वर्षांपूर्वीच्या मांसखाऊ डायनोसॉरच्या दातांविषयी. आजी-आजोबांनी हा लेख नातवंडांना वाचून दाखवावा. मुलांना मराठी वाचता येत नसेल तर हिब्रूत सांगावा, पण सांगावा जरूर.

माझी थोडी ओळख देतो. मी मूळचा रेवदंड्याचा. मुंबईत कवळ्या बनवायचं काम शिकलो, १९६६ साली आलिया करून दिमोनाला आलो आणि पुढे बेर-शेवाच्या एका दातांच्या लॅबोरेटरीत तीस वर्षं काढली. मेण, प्लास्टर, भिंग आणि दुसऱ्यांचे दात यांतच माझा जन्म गेला. डायनोसॉर मात्र मला माहीत नव्हते. ते नातवामुळे घरात आले.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर मोरोक्कोचं कुटुंब राहतं. म्हातारा माझ्याच वयाचा, रिस्सानी गावचा. नेतीवोतला ज्यांची कबर आहे ते बाबा साली जन्मले तेच हे रिस्सानी, सहाराच्या कडेला. २०२० च्या डिसेंबरात इस्राएल आणि मोरोक्कोचे संबंध पुन्हा जुळले, २०२१ मध्ये थेट विमानं सुरू झाली, आणि २०२२ साली या शेजाऱ्याचा मुलगा वडिलांचं गाव बघायला गेला. येताना त्याने माझ्या नातवासाठी एक भेट आणली. कापसात गुंडाळलेला, अकरा सेंटिमीटर लांबीचा, तपकिरी रंगाचा दात! एरफूद नावाच्या गावातल्या दुकानातून घेतलेला.

नातू तेव्हा दहा वर्षांचा. तो दात उशीखाली घेऊन झोपला. दुसऱ्या दिवशी शाळेत नेला, पूर्ण वर्गाला दाखवला. संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सबा, तू एवढे दात केलेस. हा बघ ना, खरा आहे ना?"

भिंगाखाली

मी जुनं भिंग काढलं, खिडकीत बसलो. टोकाकडचा भाग बघून मी थक्क झालो. दाताच्या दोन्ही कडांना करवतीसारखी बारीक दातेरी नक्षी होती, अगदी एकसारखी. वरचं चकचकीत कवच, ज्याला आम्ही इनॅमल म्हणतो, तेही अस्सल. असं कवच कोणत्याही लॅबोरेटरीत बनत नाही.

पण चार-पाच सेंटिमीटर खाली आलो आणि एक आडवी रेघ दिसली. रेघेखाली करवतीचे दाते जाडे झाले होते. वरच्या इनॅमलच्या सुरकुत्या त्या रेघेपाशी येऊन तुटत होत्या, खालच्या भागाशी जुळत नव्हत्या. म्हणजे तो तुकडा दुसऱ्याच दाताचा. आणि सगळ्यांत खाली जे लांब मूळ होतं, ते तर मूळ नव्हतंच. वाळू आणि ग्लू कालवून केलेला गोळा होता, त्यात हवेचे बुडबुडे राहिले होते. नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, तो माझ्या मुलाकडे होता. अंधारात दातावर धरला तर जोडाच्या जागी पांढरट पट्टा चमकला.

मी तीस वर्षं हेच काम केलेलं. जोड कसा लपवतात ते मला चांगलं ठाऊक. करणाऱ्याचा हात साफ होता हेही मान्य करतो.

आता पोराला काय सांगावं? रात्रभर विचार केला. खोटं बोललो तर तो आणखी दहा जणांना तेच सांगेल. खरं बोललो तर त्याचं मन मोडेल, आणि शेजाऱ्यांनी एवढ्या प्रेमाने आणलेल्या भेटीचा अपमान होईल. सकाळी त्याला बसवलं आणि भिंग त्याच्याच हातात दिलं. "तूच बघ, काय दिसतं ते सांग," म्हटलं. त्याने रेघ स्वतःच शोधली. डोळे भरून आले त्याचे. मग म्हणाला, "म्हणजे सगळं खोटं?"

"नाही रे बाळा. टोक खरं आहे. साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचं आहे. ते कोणाचं होतं ते आपण शोधू."

त्यानंतर आम्ही दोघांनी जे वाचलं ते पुढे देत आहे.

इतके दात आले कुठून?

मोरोक्कोच्या दक्षिणेला, अल्जीरियाच्या सरहद्दीजवळ, केम केम नावाचा भाग आहे. आज तिथे वाळवंट आहे. पण त्या काळात तिथे मोठमोठ्या नद्या वाहायच्या. नद्यांत मगरी, कासवं, प्रचंड मासे आणि करवतीसारख्या तोंडाचे मासे होते. काठावर डायनोसॉर, आकाशात उडणारे सरपटी प्राणी. नदीची वाळू साचून लाल दगड झाला आणि त्यात हाडं आणि दात अडकून राहिले.

हाडांपेक्षा दात खूप जास्त सापडतात. याचं कारण कवळीवाल्या माणसाला लगेच कळावं असं आहे. आपल्याला जन्मात दोनदा दात येतात, एकदा दुधाचे, एकदा कायमचे. डायनोसॉरचं तसं नव्हतं. त्यांचे दात जन्मभर पडत आणि नवे येत. मादागास्करच्या माजुंगासॉरस या मांसखाऊ डायनोसॉरच्या दातांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. एका जागी सुमारे ५६ दिवसांत नवा दात यायचा, असं त्यात निघालं. दोन महिनेसुद्धा नाही! अशा प्राण्याला माझ्यासारख्याची गरजच काय?

शिवाय इनॅमल हा शरीरातला सगळ्यांत कठीण भाग. हाड मोडतं, झिजतं, दात टिकतो.

मुलांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमचा दुधाचा दात पडतो तेव्हा त्याला मूळ नसतं, कारण खालून नवा दात येताना शरीर ते मूळ विरघळवून टाकतं. डायनोसॉरच्या पडलेल्या दाताचंही तसंच. म्हणून बाजारात मिळणारे बहुतेक खरे दात बिनमुळाचे, खाली तुटल्यासारखे दिसतात. मूळ असलेला दात मेलेल्या प्राण्याच्या जबड्यातूनच येणार, आणि तो दुर्मीळ. गिऱ्हाइकाला मात्र लांब, मुळासकट दात आवडतो. म्हणून मूळ चिकटवायचा उद्योग चालतो.

सुरा आणि खुंटी

केम केममध्ये मोठ्या मांसखाऊंचे दोन प्रकारचे दात प्रसिद्ध आहेत.

पहिला कार्कारोडोंटोसॉरस. नावाचा अर्थ शार्कच्या दातांचा सरडा. दात चपटा, रुंद, मटण कापायच्या सुऱ्यासारखा. दोन्ही कडांना करवत, आणि कडेजवळ इनॅमलवर सुरकुत्या. हा प्राणी बारा मीटरच्या आसपास लांब, म्हणजे आपल्या एगेडच्या बसएवढा. आमच्या दाताचं टोक याचंच होतं.

दुसरा स्पायनोसॉरस, पाठीवर शिडासारखा उंच पंखा असलेला, कार्कारोडोंटोसॉरसपेक्षाही लांब. त्याचा दात गोलसर, तंबूच्या खुंटीसारखा, उभ्या रेघांचा. कडेला करवत नाही. असा दात मांस कापायला नव्हे, तर निसटणारा मासा पकडून ठेवायला उपयोगी. २०२० मध्ये इंग्लंडच्या पोर्टस्मथ विद्यापीठाच्या लोकांनी केम केमच्या एका ठिकाणचे बाराशेहून जास्त दात मोजले. त्यांत जवळपास निम्मे स्पायनोसॉरसचे निघाले. एवढे दात नदीच्या तळाशी पडले त्या अर्थी हा प्राणी बराच काळ पाण्यात राहत असणार, असं त्यांनी मांडलं. तो नुसता काठावरून मासे पकडायचा की खोल पाण्यात पोहायचा, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.

हे मोजणं जमलं कशामुळे? सगळे दात एका जागेचे होते आणि जागा माहीत होती. दुकानात टोपलीभर दात मोजून असं काही सिद्ध होत नाही.

बोगद्यातली माणसं

हे दात काढतं कोण? तिथलीच गरीब माणसं. डोंगराच्या उतारावर जीवाश्मांचा थर जिथे दिसतो, तिथे ती आडवे बोगदे खणतात. कुदळ आणि लोखंडी पहार हीच हत्यारं. बोगदा इतका बुटका की रांगत जावं लागतं. वरचा दगड कधी कोसळेल याचा भरवसा नसतो. अशा बोगद्यांत माणसं दबून मेलेली आहेत.

काढलेला दात दलालाकडे जातो, तिथून एरफूदच्या किंवा रिस्सानीच्या दुकानात, तिथून परदेशी. अमेरिकेत टूसॉन शहरी दर वर्षी दगड आणि जीवाश्मांची मोठी जत्रा भरते, तिथपर्यंत हा माल पोचतो. हात बदलतील तशी किंमत वाढते, आणि ज्याने जीव धोक्यात घालून तो काढला त्याच्या वाट्याला सगळ्यांत कमी येतं. दिवसभर खणून हाती तुटके तुकडेच आले तर माणूस काय करणार? जोडून विकणार. हे सांगितल्यावर नातू गप्प झाला. "मग तो माणूस चोर नाही का, सबा?" मी म्हटलं, "जोडलं हा त्याचा गुन्हा नाही. मीसुद्धा जन्मभर तुटलेले दात जोडले. जोडलं ते सांगितलं नाही, ही चूक. आणि ती कोणी केली, त्याने, दलालाने की दुकानदाराने, ते आपल्याला माहीत नाही."

मिशीवाला माणूस

आता एक खरी घडलेली गोष्ट. निझार इब्राहिम हे जर्मनीत वाढलेले शास्त्रज्ञ, त्यांचं आजोळ मोरोक्कोचं. २००८ साली ते एरफूदला होते. एका खणणाऱ्या माणसाने त्यांना पुठ्ठ्याच्या खोक्यातली काही हाडं दाखवली. ती त्यांनी ठेवून घेतली. पुढच्या वर्षी ते इटलीत मिलानच्या म्युझियममध्ये गेले. तिथे एका विक्रेत्याकडून आलेली स्पायनोसॉरसची हाडं होती. रंग तोच, चिकटलेली मातीही तीच! दोन्ही एकाच प्राण्याची असावीत, असं त्यांच्या मनात आलं.

पण प्राणी सापडला कुठे? चिठ्ठी नव्हती. खणणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं. एवढंच आठवत होतं की त्याला मिशी होती. मोरोक्कोत मिशीवाला माणूस शोधायचा म्हणजे आपल्याकडे अलिबागच्या बाजारात टोपीवाला शोधण्यासारखं. २०१३ साली इब्राहिम सहकाऱ्यांबरोबर पुन्हा गेले, दिवसच्या दिवस फिरले. शेवटी आशा सोडून एरफूदच्या एका कॅफेत चहा पीत बसले होते, तेवढ्यात समोरून तोच माणूस चालत गेला! धावत जाऊन त्याला गाठलं. त्याने नेऊन जागा दाखवली.

२०१४ साली त्या सांगाड्याविषयी जगाला कळलं, आणि हाडं मोरोक्कोला परत गेली. जागा कळल्यामुळे तिथे पुन्हा खणता आलं, आणि वल्ह्यासारखी रुंद शेपूट सापडली. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. एका माणसाला एक जागा आठवत होती म्हणून हे झालं. तो त्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने गेला असता तर?

म्युनिकची आग

आमच्या कार्कारोडोंटोसॉरसची कथाही अशीच आहे, फक्त दुःखाची. अल्जीरियात सापडलेल्या दोन दातांवरून फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९२५ साली या प्राण्याची पहिली नोंद केली. त्याआधी १९१४ मध्ये इजिप्तच्या बहारिया मरुवनात एक अर्धवट सांगाडा मिळाला होता. तो जर्मनीत म्युनिकला गेला. एर्न्स्ट श्ट्रोमर या शास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास करून १९३१ साली कार्कारोडोंटोसॉरस हे नाव दिलं.

श्ट्रोमर नाझींवर टीका करणारा माणूस. युद्ध आलं तेव्हा जीवाश्म सुरक्षित जागी हलवा, असं तो म्युझियमच्या प्रमुखाला विनवत राहिला. प्रमुख नाझींचा समर्थक, त्याने ऐकलं नाही. एप्रिल १९४४ मध्ये बॉम्ब पडले आणि इजिप्तचा तो सगळा ठेवा जळाला.

पण श्ट्रोमरने प्रत्येक हाडाचं माप, चित्र, वर्णन लिहून ठेवलं होतं. ते छापलेलं होतं, म्हणून वाचलं. पुढे म्युझियममध्ये मांडलेल्या त्या सांगाड्याचे जुने फोटो एका संग्रहात मिळाले. ते नीट पाहून शास्त्रज्ञांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की इजिप्तचा तो प्राणी कार्कारोडोंटोसॉरस नव्हताच, त्याचा वेगळा भाऊबंद होता. त्याला तामेरीरॅप्टर हे नाव दिलं. हाडं जळून ऐंशी वर्षं झाल्यावर, नुसत्या कागदांवरून आणि फोटोंवरून!

हे वाचलं आणि मला माझी लॅबोरेटरी आठवली. आमच्याकडे दवाखान्यातून जबड्याचा ठसा यायचा, त्याच्याबरोबर चिठ्ठी असायची. माणसाचं नाव, तारीख, वरचा की खालचा. एकदा दोन आजीबाईंच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. कवळ्या दोन्ही उत्तम झाल्या होत्या, पण एकीच्याही तोंडात बसेनात! चूक कोणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही. माल कितीही चांगला असो, चिठ्ठी चुकली की तो फुकट.

नातवाची चिठ्ठी

मी नातवाला ही आजीबाईंची गोष्ट सांगितली. खूप हसला. मग स्वतः उठून एक कार्ड कापलं आणि हिब्रूत लिहिलं. त्याचं मराठी असं:

"कार्कारोडोंटोसॉरस. वरचे साडेचार सेंटिमीटर खरे. मधला तुकडा दुसऱ्या दाताचा. मूळ वाळूचं. मोरोक्को. भेट मिळाली."

ते कार्ड दातासमोर काचेच्या कपाटात ठेवलं. मला धाकधूक होती. शाब्बातला खालचा म्हातारा चहाला आला आणि थेट कपाटापाशी गेला. चष्मा चढवून कार्ड वाचलं. आमच्या घरात सगळे गप्प. मग तो मोठ्याने हसला. म्हणाला, "आमच्या वेळी रिस्सानीत हे दगड कोणी विकत घेत नव्हतं. आम्ही खजूर विकायचो. खजुरात वाळू भरता येत नाही!"

मग त्याने मुलाला वरती बोलावलं. मुलाला वाईट वाटलं, पण त्याच्या फोनमध्ये दुकानाचा फोटो होता, तारखेसकट. दुकानदार ज्या गावचा माल म्हणाला होता तेही त्याला आठवत होतं. शाब्बात संपल्यावर नातवाने कार्डावर दोन ओळी वाढवल्या: "एरफूदच्या दुकानातून, २०२२. दुकानदाराने सांगितलेली जागा: बेगा गावाजवळ. खात्री नाही." ती शेवटची "खात्री नाही" त्याने स्वतःच्या मनाने लिहिली, मी सांगितली नव्हती. शेजाऱ्याच्या मुलाला चेहरा लपवावा लागला नाही, उलट त्याचा आठवलेला पत्ता कार्डावर गेला.

बच्चे मंडळींसाठी

तुम्हाला असा दात घ्यायचा असेल तर माझं सांगणं ऐका. लहान, तुटका, बिनमुळाचा दात घ्या. तो स्वस्त असतो आणि बहुधा प्रामाणिक असतो. दहा पट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. करवतीचे दाते टोकापासून खालपर्यंत एकाच चालीने येतात का ते बघा. आडवी रेघ, बुडबुडे, चिकटवलेली वाळू शोधा. जबड्यात ओळीने बसवलेले सुंदर दात दिसले तर लांबूनच नमस्कार करा. मोरोक्कोतून जीवाश्म बाहेर न्यायला सरकारी परवानगी लागते, तिची विचारणा करा. आणि घरी आलात की त्याच दिवशी चिठ्ठी लिहा.

आपल्या इस्राएलात जमिनीतून काही उचलू मात्र नका. १९७८ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यात इसवी सन १३०० पूर्वीचे प्राण्यांचे आणि वनस्पतींचे अवशेषही येतात. दिसलं तर फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि अधिकाऱ्यांना कळवा.

पण बघायला बंदी नाही! यरुशलेमजवळ बेत झायित मोशावात १९६२ साली दोन पायांवर चालणाऱ्या डायनोसॉरच्या पावलांचे ठसे सापडले, दोनशेहून जास्त, तीन बोटांचे. प्राध्यापक मोशे अवनीमेलेख यांनी त्यांचा अभ्यास केला. तेही सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे केम केमच्या काळाच्या आसपासचे. आम्ही गेल्या सुट्टीत गेलो होतो. नातवाने ठशाशेजारी आपलं पाऊल ठेवून फोटो काढला आणि घरी येऊन फोटोच्या मागे जागा आणि तारीख लिहिली.

आता तो माझ्या मागे लागला आहे. कपाटात माझ्या आईने रेवदंड्याहून आणलेला पितळेचा दिवा आहे. "सबा, याची चिठ्ठी कुठे आहे?" म्हणतो. दिवा कोणाच्या लग्नातला, कोणी घडवला, किती सालचा, हे मला जेवढं आठवतं तेवढं या आठवड्यात लिहून काढणार आहे. जिथे आठवत नाही तिथे "खात्री नाही" लिहीन.

तुमच्याही घरी असं काही असेल. लिहायला बसा.